वाचक विचारतात : शेळीचे दूध आणि त्याचे चीज

शेळीपालनाविषयी आलेल्या पत्रांपैकी या वेळी बरीच पत्रे दुधाविषयी, आणि त्यातही दुधापासून चीज करण्याविषयी आहेत. २०१९ च्या पशुगणनेनुसार महाराष्ट्रात एक कोटीहून अधिक शेळ्या आहेत. परंतु आपल्याकडे शेळी पाळली जाते ती मुख्यतः करडांच्या विक्रीसाठी, आणि दूध घरच्या चहापुरतेच राहते. या दुधाकडे कोणी गांभीर्याने पाहू लागले असेल तर ती आनंदाची गोष्ट आहे, म्हणून शक्य तेथे सविस्तर उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे न देता केवळ गावाचा उल्लेख केला आहे.

प्रश्न : आमच्या बचत गटातील महिलांकडे मिळून वीसेक संगमनेरी शेळ्या आहेत. करडाने पिऊन उरलेले दूध शेळीमागे दिवसाला अर्धा-पाऊण लिटर मिळते. एका व्यापाऱ्याने सानेन जातीच्या शेळ्या घेण्याचा आग्रह धरला आहे. त्या रोज ३ ते ४ लिटर दूध देतात असे तो सांगतो. चीज करायचे असल्यास त्या घ्याव्यात का?
— एक भगिनी, संगमनेर तालुका, जि. अहिल्यानगर

उत्तर : ताई, व्यापारी सांगतो तो आकडा खरा आहे, पण तो कोणत्या हवेतला आणि कोणत्या चाऱ्यावरचा हे त्याने सांगितलेले नाही. सानेन ही मूळची स्वित्झर्लंडमधील बर्न प्रांतातल्या सानेन खोऱ्यातली शेळी. थंड हवा, मुबलक हिरवा चारा आणि वेळेवर खुराक मिळाला की ती एवढे दूध सहज देते. मात्र तिचे केस पांढरे आणि कातडी गुलाबी असल्याने कडक ऊन तिला सोसत नाही, आणि एप्रिल-मे महिन्यांत तुमच्या भागातील माळरानावर तिच्याकडून तेवढ्याच दुधाची अपेक्षा ठेवणे हा तिच्यावरही अन्याय आहे आणि तुमच्या भांडवलावरही.

दुसरी बाब दुधाच्या घट्टपणाची. चीज म्हणजे दुधातील केसिन नावाचे प्रथिन आणि त्या प्रथिनाच्या जाळ्यात अडकलेले स्निग्ध पदार्थ. बाकीचे पाणी, दुग्धशर्करेचा मोठा भाग आणि काही क्षार निवळीबरोबर निघून जातात. म्हणून चीज करणाऱ्याने दूध मोजायचे ते लिटरवर न मोजता त्यातील घन पदार्थांवर मोजले पाहिजे. सानेनच्या दुधात स्निग्धांश साधारण ३ ते ३.५ टक्के असतो, तर आपल्या देशी शेळ्यांच्या दुधात तो बहुधा ४ ते ५ टक्के भरतो. शेळीच्या चांगल्या दुधापासून ताजे मऊ चीज करायचे असेल तर किलोमागे ६ ते ७ लिटर दूध लागते आणि मुरवलेल्या घट्ट चीजसाठी १० लिटरच्या आसपास. दूध पातळ असेल तर हे प्रमाण लगेच वाढते.

येथे एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. घट्ट दुधासाठी परदेशातील चीज करणारे ज्या अँग्लो-न्युबियन शेळीची आवर्जून निवड करतात, ती इंग्लंडमध्ये तयार झाली, पण तिच्या रक्तात आपल्या जमुनापारी बोकडांचा मोठा वाटा आहे. तिचे लांब लोंबते कान आणि फुगीर नाक पाहिले की हे नाते ओळखता येते. देशी शेळीचे दूध चीजला चालेल की नाही ही शंका मनात असेल तर ती या उदाहरणाने दूर व्हावी. संकराचे प्रयोग आपल्याकडेही झाले आहेत. कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत गेल्या शतकाच्या सत्तरच्या दशकात पंजाबच्या बीटल शेळ्यांचा अल्पाइन व सानेन बोकडांशी संकर केला गेला आणि दूध वाढलेही. परंतु तेथे चारा, निवारा आणि पशुवैद्य हे तिन्ही हाताशी होते. गावातल्या गोठ्यात हे तिन्ही रोज मिळतील याची खात्री असेल तेव्हाच तो मार्ग धरावा.

तुमच्या गटाने आधी घरच्या शेळ्यांचे दूध लिहून ठेवायला सुरुवात करावी, असा माझा आग्रह आहे. व्यायल्यानंतर पंधरा दिवसांनी, आणि त्यापुढे महिन्यातून एक ठरावीक दिवस, प्रत्येक शेळीचे दूध मापाने मोजून वहीत लिहावे. दोन वेतांची अशी नोंद हाती आली की कोणत्या शेळीच्या पाटी (मादी करडे) पुढे ठेवायच्या आणि कोणत्या विकायच्या हे वहीच सांगते. बोकड निवडताना त्याची उंची आणि रंग पाहून न भुलता त्याच्या आईचे दूध विचारा. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात संगमनेरी शेळीच्या सुधारणेचा प्रकल्प अनेक वर्षे चालू आहे. पैदाशीच्या बोकडासाठी प्रथम तेथे चौकशी करणे तुम्हाला सोयीचे आणि स्वस्तही पडेल.

करडाच्या वाट्याचाही विचार आताच करून ठेवा. व्यायल्यानंतर पहिले चार-पाच दिवस चीक पूर्णपणे करडाचा. चिकातील प्रथिने वेगळी असल्याने त्याचे चीज नीट होतही नाही. पुढे करडू तीन-चार आठवड्यांचे होऊन पाला खाऊ लागले की रात्री त्याला शेळीपासून वेगळे बांधावे, सकाळची धार काढावी आणि मग दिवसभर करडू आईजवळ सोडावे. या पद्धतीत करडाची वाढ खुंटत नाही, सकाळचे दूध एकत्र आणि ठरलेल्या वेळी मिळते, आणि संध्याकाळच्या धारेचे श्रम वाचतात. करडे विकून येणारा पैसा हाच तुमच्या व्यवसायाचा कणा आहे, आणि चीजच्या हौसेपायी त्याला धक्का लागू देऊ नये.

शेळीचा गाभणकाळ सुमारे १५० दिवसांचा असतो, आणि युरोपातल्या शेळ्यांप्रमाणे आपल्या शेळ्या केवळ दिवस लहान होऊ लागल्यावरच माजावर येतात असे नाही. त्या जवळजवळ वर्षभर माजावर येतात. त्यामुळे सगळ्या शेळ्या एकदम भरवून न घेता दोन-तीन तुकड्यांत भरवून घेतल्यास वर्षातील बहुतेक महिने थोडे तरी दूध हाती राहील.

प्रश्न : आमच्याकडे कोकण कन्याळ शेळ्या आहेत. दूध घेणारे हॉटेलवाले दुधाला उग्र वास येतो म्हणून तक्रार करतात आणि चीजमध्ये तर तो वास आणखी वाढतो. हा वास जातीचा आहे की आमच्या कामात काही उणे आहे?
— एक युवा शेतकरी, कुडाळ, जि. सिंधुदुर्ग

उत्तर : जातीचा दोष यात फारच थोडा आहे. शेळीच्या दुधातील स्निग्धांशात कॅप्रोइक, कॅप्रिलिक आणि कॅप्रिक ही लहान साखळीची आम्ले गाईच्या दुधाच्या मानाने दुपटीच्या आसपास असतात. जोवर ती स्निग्ध कणांच्या आत बांधलेली असतात तोवर वास जाणवत नाही. कणांचे आवरण फुटले आणि दुधातील लायपेज नावाचे विकर तेथपर्यंत पोहोचले की ती मोकळी होतात आणि दूध उग्र लागते. शेळीच्या दुधातील स्निग्ध कण आधीच बारीक असतात, म्हणून हे दूध हलक्या हाताने हाताळावे लागते. उंचावरून धार सोडणे, अर्धी भरलेली किटली मोटारसायकलला लटकवून खड्ड्यांतून नेणे, थंड झालेल्या दुधात गरम धार मिसळणे, या तीन सवयींनी हे आवरण फुटते. किटली गळ्यापर्यंत भरून घ्या म्हणजे दूध आत हिंदकळणार नाही. दूध कमी असेल तर लहान किटली वापरा.

बोकड कोठे बांधला आहे हेही पाहा. बोकडाच्या शिंगांच्या बुडामागे गंधग्रंथी असतात आणि माजाच्या काळात त्यांचा वास गोठाभर पसरतो. शेळ्यांच्या केसांना, धार काढणाऱ्याच्या कपड्यांना आणि तेथून उघड्या दुधाला तो लागतो. धार काढण्याची जागा बोकडापासून दूर आणि वाऱ्याच्या वरच्या बाजूस असावी. तीव्र वासाचा पाला धारेच्या आधी न देता धार झाल्यावर द्यावा.

धार काढण्याची पद्धत येथे सविस्तर देतो, कारण अर्धे चीज तेथेच ठरते. कासेवरचे आणि मागच्या मांड्यांवरचे लांब केस कातरून टाकावेत. हात साबणाने धुवावेत, सड ओल्या कापडाने पुसून लगेच कोरड्या कापडाने टिपावेत, आणि हे कापड प्रत्येक शेळीला वेगळे असावे. सड ओले राहिले तर मळकट पाण्याचे थेंब हातावरून थेट भांड्यात उतरतात. पहिल्या दोन-तीन धारा काळ्या रंगाच्या वाटीत काढून पाहाव्यात. त्यात गाठी किंवा कण दिसले तर त्या शेळीचे दूध वेगळे ठेवावे. धार अंगठा आणि बोटांच्या चिमटीने ओढून काढू नये. सड मुठीत धरून वरून खाली क्रमाने दाबत काढावी. शेवटी सड आयोडीनच्या द्रावणात बुडवून शेळीला अर्धा तास उभे ठेवण्यासाठी पुढ्यात चारा टाकावा, कारण धारेनंतर सडाचे तोंड काही काळ उघडे असते आणि ती लगेच बसली तर लेंड्यांतले जंतू आत शिरतात.

दूध गाळून दोन तासांच्या आत ४ अंश सेल्सियसपर्यंत थंड झाले पाहिजे. कोकणातल्या दमट हवेत आणि विजेच्या लपंडावात हे अवघड आहे याची कल्पना आहे. परंतु बर्फ घातलेल्या पाण्याच्या टाकीत किटली मानेपर्यंत बुडवून दूध अधूनमधून हळू ढवळले तर मोठ्या यंत्राशिवायही काम भागते.

प्रश्न : मी घरी शेळीच्या दुधाचे चीज करून पाहिले. दूध चांगले उकळून, कोमट करून त्यात रेनेट घातले, पण रात्रभर ठेवूनही दही धरले नाही. रेनेट खराब असेल का?
— एक गृहिणी, ठाणे

उत्तर : रेनेट बहुधा चांगलेच असेल, दूध उकळल्याने बिघडले. रेनेट म्हणजे दूध धरवणारे विकर; ते केसिनच्या कणांवरील एक टोक कापते आणि मग ते कण एकमेकांना चिकटून जाळे तयार होते. दूध उकळले की निवळीतील प्रथिने उष्णतेने उलगडून नेमकी त्या टोकाला जाऊन चिकटतात आणि रेनेटला तेथे पोहोचता येत नाही. शिवाय दुधातील कॅल्शियमचा जो भाग दही घट्ट करतो तोही कमी होतो. याच कारणाने महिनोन्‌महिने टिकणारे पाकिटबंद दूधही चीजला चालत नाही.

तरीही कच्चे दूध वापरा असे मी मुळीच सांगणार नाही. दूध ६३ अंशांपर्यंत तापवून त्याच तापमानाला ३० मिनिटे ठेवावे आणि भांडे गार पाण्यात ठेवून झटपट निववावे. यात रोगजंतू मरतात आणि दुधाचा धरण्याचा गुण टिकतो. तापमापक घेतल्याशिवाय हे काम करू नये, बोट बुडवून केलेला अंदाज येथे उपयोगाचा नाही.

सर्वांत सोपे म्हणजे फ्रान्समध्ये करतात तसे ताजे मऊ चीज. असे निर्जंतुक केलेले ४ लिटर दूध २२ ते २५ अंशांवर आणावे. त्यात मध्यम तापमानाला वाढणारे चीजचे विरजण पाकिटावर दिलेल्या प्रमाणात घालावे आणि थोड्या उकळून गार केलेल्या पाण्यात रेनेटचे केवळ दोन-तीन थेंब मिसळून ते पाणी दुधात हलकेच ढवळावे. दूध निर्जंतुक केलेले असल्याने पाव चमचा कॅल्शियम क्लोराइडचे द्रावण आधी घातले तर दही अधिक नीट धरते. त्यानंतर भांडे झाकून १८ ते २४ तास अजिबात हलवू नये. या चीजमध्ये खरे काम आंबटपणा करतो, रेनेट केवळ मदतीला असते. दही भांड्याच्या कडेपासून सुटून खाली बसले आणि वर बोटभर हिरवट, स्वच्छ निवळी आली म्हणजे ते तयार झाले असे समजावे.

दही मोडू न देता पळीने पातळ थर उचलून मलमलच्या दुहेरी कापडात भरावे. श्रीखंडाचा चक्का टांगतो त्याप्रमाणे ते टांगून ठेवावे, पण घाईने पिळू नये. शेळीच्या दुधाचे दही नाजूक असते आणि पिळल्यास त्यातला स्निग्धांश निवळीत निघून जातो. बारा तासांनंतर कापडाच्या आतल्या बाजूचे दही खरवडून मध्ये आणावे, पुन्हा काही तास टांगावे आणि वजनाच्या १ ते १.५ टक्का मीठ मिसळावे. ४ लिटर दुधातून सहा-सातशे ग्रॅम चीज मिळते. रंग गाईच्या चीजसारखा पिवळसर न येता शुभ्र येतो, कारण शेळी चाऱ्यातील बीटा-कॅरोटीनचे जीवनसत्त्व ‘अ’ मध्ये रूपांतर करून टाकते. फ्रिजमध्ये ते आठवडाभर चांगले राहते.

ठाण्याच्या उन्हाळ्यात मात्र स्वयंपाकघर ३५ अंशांवर असते आणि त्या तापमानाला नको ते जंतू विरजणाला मागे टाकतात; दह्यात बुडबुडे दिसले किंवा ते स्पंजासारखे फुगून वर आले तर चवही न घेता टाकून द्यावे. थर्मोकोलच्या खोक्यात बर्फाच्या बाटल्या ठेवून त्यात भांडे ठेवले तर तापमान सांभाळता येते. घरचे दही विरजण म्हणून घातले तर चालते का, असे आपण पत्राच्या शेवटी विचारले आहे. चालते, आणि पदार्थ चविष्टही होतो. परंतु घरच्या दह्यातील जंतूंचे मिश्रण दर वेळी निराळे असते, त्यामुळे विक्रीसाठी करायचे असेल तर पाकिटातले विरजणच वापरावे.

प्रश्न : रेनेट मांसाहारी असते असे ऐकले. शाकाहारी माणसाने शेळीचे चीज खावे का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : परंपरेने रेनेट हे दूध पिणाऱ्या करडाच्या किंवा वासराच्या चौथ्या जठरातून काढत, आणि युरोपातील अनेक जुन्या चीजमध्ये ते आजही वापरले जाते. आता सूक्ष्म बुरशीपासून काढलेले रेनेट, तसेच सूक्ष्मजीवांकडून तयार करून घेतलेले शुद्ध कायमोसिन (रेनेटमधील दूध धरवणारा मुख्य घटक) सर्वत्र मिळते. स्पेन-पोर्तुगालमध्ये मेंढीच्या दुधाची काही चीज एका रानटी काटेरी झाडाच्या फुलांनी धरवतात. भारतात विकल्या जाणाऱ्या पाकिटावरचा हिरवा ठिपका पाहावा. सुटे किंवा परदेशातून आणलेले चीज असेल तर करणाऱ्याला रेनेट कोणते वापरले हे स्पष्ट विचारावे. तुमच्या श्रद्धेचा प्रश्न आहे, तो विचारताना संकोच वाटण्याचे काही कारण नाही.

प्रश्न : माझ्या आठ महिन्यांच्या नातवाला गाईच्या दुधाची ॲलर्जी आहे. शेळीचे दूध द्यावे असे शेजारी सांगतात. डेंग्यूतही कच्चे शेळीचे दूध देतात ना?
— एक आजी, अमरावती

उत्तर : आजी, आपल्या मनातली काळजी समजते, म्हणूनच स्पष्ट लिहितो. नातवाला शेळीचे दूध देऊ नका. ज्या प्रथिनांची ॲलर्जी असते ती शेळीच्या दुधातही जवळजवळ तशीच असल्याने अशा बहुसंख्य बालकांना शेळीच्या दुधाचीही बाधा होते. शिवाय या दुधात फोलेट गाईच्या दुधाच्या मानाने फारच कमी असते, आणि केवळ शेळीच्या दुधावर वाढवलेल्या तान्ह्या बाळांना पंडुरोग झाल्याची उदाहरणे वैद्यकात जुनी आहेत. बाळाला काय द्यायचे हे बालरोगतज्ज्ञांनाच ठरवू द्या. दुग्धशर्करा न पचणाऱ्या मोठ्या माणसांनीही हे लक्षात ठेवावे की शेळीच्या दुधात ती थोडीच कमी असते.

डेंग्यूची साथ आली की शेळीच्या दुधाचे भाव कडाडतात, पण त्या दुधाने रक्तातील प्लेटलेट वाढतात याला पुरावा नाही. कच्च्या दुधाचा धोका मात्र पक्का आहे. १८८७ मध्ये डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरांनी माल्टा बेटावर तापाने मेलेल्या ब्रिटिश सैनिकांच्या शरीरातून एक जंतू वेगळा केला. तो ताप येतो कोठून हे कळायला मात्र १९०५ साल उजाडले. त्या वर्षी थेमिस्टोक्लिस झामित यांना तोच जंतू बेटावरच्या शेळ्यांमध्ये आढळला, आणि त्या शेळ्या दिसायला अगदी निरोगी होत्या. १९०६ मध्ये सैनिकांच्या आहारातून शेळीचे दूध बंद करताच तापाचे रुग्ण झपाट्याने घटले. हाच तो ब्रुसेलोसिस, आणि तो आपल्याकडेही आहे. आपल्या गोठ्यात शेळ्या वारंवार गाभडत असतील तर त्यांचे रक्त तपासून घ्या, आणि गाभडलेल्या शेळीची वार (गर्भावरचे वेष्टन) उघड्या हाताने उचलू नका. आजारी माणसाला दूध द्यायचेच असेल तर ते उकळूनच द्यावे.

प्रश्न : एका दिवसाच्या दुधाला विरजण लागलेच नाही. दूध, विरजण, भांडी सारे नेहमीचेच होते. असे का व्हावे?
— एक चीज उत्पादक, फलटण, जि. सातारा

उत्तर : त्या आठवड्यात कोणत्या शेळीला औषध दिले होते ते प्रथम आठवून पाहा. दगडी (कासेचा दाह) झालेल्या कासेत सोडलेल्या प्रतिजैविकाचा अंश दुधात उतरतो, आणि एकाच शेळीचे असे दूध संपूर्ण कॅनमधल्या विरजणाला मारायला पुरेसे होते. औषधाच्या वेष्टनावर दूध वगळण्याचा जो काळ छापलेला असतो तो बहुधा गाईसाठी असतो. शेळीसाठी किती दिवस वगळायचे हे पशुवैद्यांकडून लिहून घ्यावे. औषध दिलेल्या शेळीच्या मागच्या पायाला लाल पट्टी बांधण्याची शिस्त घरातील प्रत्येकाने पाळली, तर धार काढणारा माणूस बदलला तरी चूक होत नाही. शंका असेल तेव्हा त्या दिवसाचे वाटीभर दूध तापवून निववून त्यात विरजण घालावे, शेजारी खात्रीच्या दुधाची वाटी तशीच ठेवावी आणि काही तासांनी दोन्हींचा आंबटपणा ताडून पाहावा. मोठे भांडे त्यानंतर लावावे.

दगडीची सुप्त अवस्था ओळखण्यासाठी आपण कॅलिफोर्निया चाचणी, म्हणजे दुधात द्रावण मिसळून ते घट्ट होते का हे पाहण्याची चाचणी, करता असे पत्रात लिहिले आहे. ती अवश्य करत राहा, पण निष्कर्ष काढताना शेळी आणि गाय यांतला फरक ध्यानात घ्या. शेळीच्या कासेतून दूध स्रवतानाच पेशींचे तुकडे दुधात येतात, त्यामुळे निरोगी शेळीचे दूधही या चाचणीत किंचित घट्टसर होते, आणि आटत आलेल्या शेळीचे तर अधिकच. म्हणून दोन्ही सडांचे दूध शेजारशेजारच्या वाट्यांत घेऊन तुलना करावी. दोन्हीकडे सारखाच किंचित घट्टपणा असेल तर फारशी चिंता नको. एका वाटीतले दूध पातळ राहिले आणि दुसरीतले जेलीसारखे गोळा झाले तर त्या सडात रोग आहे असे समजून पशुवैद्यांना दाखवावे. आटत आलेल्या शेळ्यांचे दूध चीजच्या कॅनमध्ये न घालणे बरे, कारण त्याने दही सैल पडते आणि चवीत खारटपणा येतो.

प्रश्न : शेळीच्या दुधाचे पनीर मऊ पडते आणि तळताना फुटते. काय करावे?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : शेळीच्या केसिनचा पोतच मऊ आहे. दूध तापवून ८० अंशांच्या आसपास निवल्यावर सायट्रिक आम्लाचे सौम्य द्रावण थोडेथोडे घालावे, दाब हळूहळू वाढवावा आणि पनीर थंड पाण्यात ठेवावे. तळण्याच्या पदार्थासाठी म्हशीचे दूध मिसळले तर फरक पडतो. मात्र विक्री करताना ते मिश्रण वेष्टनावर लिहिणे बंधनकारक समजावे.

प्रश्न : मी शिक्षणासाठी फ्रान्समध्ये तूर शहरात आहे. येथील बाजारात सेंट-मोर नावाचे लांबट चीज मिळते, त्यावर राख असते आणि मधोमध गवताची काडी असते. असे चीज आपल्या गावी होऊ शकेल का?
— एक विद्यार्थी, मूळ गाव बारामती

उत्तर : आपण ज्या लोआर खोऱ्यात आहात ते शेळीच्या चीजचे माहेरघरच आहे. सेंट-मोर द तुरेन या चीजला १९९० मध्ये मूळ स्थानाचे संरक्षण मिळाले. मधली राय धान्याची काडी नाजूक चीजला मोडण्यापासून सावरते आणि त्या काडीवर उत्पादकाची ओळख कोरलेली असते. लाकडी कोळशाच्या राखेमुळे पृष्ठभागावरचा आंबटपणा कमी होतो आणि हवी ती बुरशी तेथे रुजते. सुटीच्या दिवशी वालांसे गावचे माथा छाटलेल्या पिरॅमिडच्या आकाराचे आणि शाव्हिन्योलचे लहान गोल चीजही चाखून पाहा. एकच दूध मुरण्याच्या काळाप्रमाणे किती बदलते हे जिभेला कळेल. शक्य झाल्यास एखाद्या शेतावर जाऊन धार काढण्यापासून पुढचे सारे काम पाहून घ्या, आणि विशेषतः ती माणसे भांडी कशी धुतात ते नीट पाहा.

बारामतीत हे होण्यासारखे आहे, परंतु अडचण मुरवण्याच्या खोलीची आहे. या चीजला १० ते १२ अंश तापमान आणि ८५ ते ९० टक्के आर्द्रता काही आठवडे अखंड लागते. तेथे जमिनीखालच्या तळघरात ती बरीचशी आपोआप मिळते. आपल्याकडे त्यासाठी शीतकक्ष, जनित्र आणि विजेचे बिल या सगळ्याचा हिशेब चीजच्या किमतीत धरावा लागेल. साध्या फ्रिजमध्ये हवा कोरडी असल्याने चीज मुरण्याऐवजी तडकते. म्हणून परत आल्यावर पहिले वर्षभर न मुरवलेले ताजे चीज करावे, पुण्या-मुंबईत ते नियमित घेणारी हॉटेले आणि दुकाने जोडावीत, अन्नसुरक्षा विभागाची नोंदणी आरंभीच करून घ्यावी, आणि ग्राहक टिकले तरच मुरवणीत भांडवल घालावे. ताजे चीज आठवड्याच्या आत पैसे देते, मुरवलेले चीज महिनाभर पैसे अडकवून ठेवते. नव्या उत्पादकाला हा फरक सोसतो की नाही हे आधी पाहिले पाहिजे.

प्रश्न : चीज केल्यावर उरलेली निवळी ओढ्यात सोडली तर चालेल का?
— एक बचत गट, जुन्नर तालुका, जि. पुणे

उत्तर : कृपया सोडू नका. १० लिटर दुधातून आठ लिटरच्या आसपास निवळी निघते आणि तिच्यात दुग्धशर्करा, प्रथिने व क्षार भरपूर असतात. पाण्यातील सूक्ष्मजीव त्यांवर तुटून पडतात, पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. त्याऐवजी ती भाकरी-पोळीची कणीक मळायला, कढीला किंवा डाळ शिजवायला वापरता येते. शेळ्यांनाही भरड्यात थोडी थोडी कालवून देता येते. पहिल्या दिवशी वाटीभरच द्यावी, पोट बिघडत नाही असे पाहून हळूहळू वाढवावी, आणि ती त्याच दिवशीची व मीठ न घातलेली असावी.